नाकेवाडीच्या कबरींवरचा सब्जा

भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्याला मी तोंडावर हसतो. त्यामुळे हे कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये... डोकं फिरलंय म्हणून लिहितोय!

म्हसळ्याहून दिघीकडे जाताना खाडीच्या अंगाला नाकेवाडी होती. संस्थानाच्या हद्दीवरचा नाका आणि त्यावर जगणारी मुसलमानांची घरं. संस्थान गेलं, नाका उठला, माणसं पोटासाठी मुंबईला गेली. उरलं ते कब्रस्तान – तेही करवंदीच्या जाळीत. आता ती जमीन एका रिसॉर्टवाल्याने घेतलीय. त्याचा मॅनेजर म्हणतो, "इथे वस्ती कधी नव्हतीच. कबरी असतील तर दाखवा, नाहीतर सोमवारी जेसीबी लावतो."

दाखवा काय दाखवा! आमच्या शेजारच्या हमीदाचाची तिथे जन्मल्या, त्यांच्या वडिलांना तिथेच पुरलंय. पण कबरींचे दगड लोकांनी कधीच उचलून बांधाला लावले.

रविवारी माझ्या रिक्षातून त्यांना घेऊन गेलो. मे महिना, जमीन भेगाळलेली. सकाळभर कोयत्याने जाळी तोडली... खाली नुसती लाल माती. चाची रडायलाच लागल्या. "कुठं शोधू रे बाबाला? उद्या त्याच्यावर मशीन फिरंल." मॅनेजर गाडीत एसी लावून बसलेला.

दुपारी समोरच्याच आंब्याखाली आम्ही भाकरी खाल्ली. जागा डोळ्यांसमोर होती, तिकडे कोणी फिरकलं नाही. उठून बघतो तर... सब्जा! चाचींच्या लोकांत कबरीवर लावतात ना, तोच. ओळीने उभा, तुरे आलेला, बुडाची माती ओली. आणि आसपास गोड्या पाण्याचा टिपूस नाही!

"खाडीकडून पहिला दादा, बाबाचा बाप, मग बाबा," म्हणत चाची दुसऱ्या रोपाशी गेल्या.

मॅनेजर गाडीतून उतरला आणि वर मलाच म्हणतो, "छान नाटक केलंत. नर्सरीतून आणलंत ना?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, उपटून बघ! त्याने एकाला हात घातला, ते काही निघेना. मग गुपचूप गाडीत जाऊन बसला.

सोमवारी जेसीबी आला नाही. माझ्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार मात्र आली. सब्जा कसा उगवला, मला अजून कळलेलं नाही. पण मी लावला म्हणता ना? मग एवढंच सांगा. बांधापलीकडे, ओळीपासून लांब, एक वीतभर रोप एकटंच उभं होतं. चाचींनी ते ओंजळीत धरलं.

"माझा भाऊ रे... मेलेलाच जन्मला. बाबानं एकट्यानं नेऊन पुरला. जागा आईलाबी कधी सांगितली न्हाय."

मग मला कोणी सांगितली?