आत्याने अडवलेला लेख

माझी आत्या पॅथॉलॉजिस्ट. निवृत्तीनंतर डॉक्टरांच्या संघटनेचं वैद्यकीय नियतकालिक तिच्या गळ्यात पडलं. ते कागदावर छापायचं बंद होऊन इंटरनेटवर गेलं आणि कुठून कुठून लेखांची रीघ लागली. एकाच पेशीचा फोटो फिरवून दोन रुग्णांच्या नावावर खपवलेला तिने पकडला, तेव्हापासून घरात आम्ही तिला फौजदार म्हणायचो.

एकदा लहान गावातल्या एका डॉक्टरबाईंचा लेख आला, मुलांच्या एका दुर्मिळ तापावर. भाषा गुळगुळीत. लेखासोबत सुचवलेल्या दोन्ही परीक्षकांनी तो तपासून दुसऱ्याच दिवशी भरभरून कौतुक केलं.

"इतक्या पटकन तर माझा नवरा चहालाही बरा म्हणत नाही," आत्या म्हणाली. "यात काहीतरी काळंबेरं आहे."

तिने परीक्षकांचा माग काढला. त्या नावांची माणसं कुठल्याच कॉलेजात नव्हती. तिने लेख अडवला.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाई स्वतःच दारात उभ्या, हातात रुग्णांच्या नमुन्यांच्या काचपट्ट्यांची पेटी.

"तुम्हीच बघा," एवढंच म्हणाल्या.

आत्याने मायक्रोस्कोप काढला. दुपारभर एकेक पट्टी पाहून शेवटी डोळे चोळत म्हणाली, "काम खरं आहे तुमचं. मग परीक्षक खोटे कसे?"

"भाषा सुधारायला एका कंपनीला लेख दिला होता. परीक्षकांची नावं त्यांनीच भरली. मला वाटलं, अशीच पद्धत असेल."

आत्याने लेख खऱ्या परीक्षकांकडे धाडला. त्यांनी वेळ लावला. तेवढ्यात तोच लेख, तेच फोटो, एका अनोळखी वेबसाइटवर झळकले. वर भलत्याच डॉक्टरचं नाव.

आत्याने तिथे वारंवार तक्रार केली. दर वेळी एकच उत्तर: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

तिने डॉक्टरबाईंना फोन लावला. "त्या कंपनीनेच विकला असणार. मी तेव्हाच छापला असता तर हे झालं नसतं."

"खोट्या परीक्षकांच्या जोरावर छापून तरी काय मिळवलं असतं?" त्या म्हणाल्या. "पण राग आहे मला. तुमचाही."

खऱ्या परीक्षकांनी होकार दिल्यावर आत्याने लेख प्रसिद्ध केला. ज्याला शंका असेल त्याने येऊन काचपट्ट्या पाहाव्यात, असंही खाली लिहिलं. पहिलीच ईमेल आली: हा लेख तुम्ही त्या वेबसाइटवरून उचललेला दिसतो.

काचपट्ट्या पाहायला कुणी फिरकलं नाही. डॉक्टरबाईंचं त्या तापावरचं काम पुढे चालू आहे, असं ऐकतो. पण नवा लेख त्यांनी कुणालाच दाखवलेला नाही, आत्यालासुद्धा नाही.