कडी नसलेल्या दाराचं चित्र

यंदा दहावीच्या निरोपाला पुस्तक काढायचं, असं मुख्याध्यापकांनी जाहीर केलं. मुलांचे फोटो, प्रत्येकाचं चार ओळींचं मनोगत आणि पानापानावर चित्रं. चित्रांचं काम माझ्याकडं आलं. चौदा वर्षं मी या शाळेत चित्रकला शिकवते. एवढ्या वर्षांत माझी आठवण व्हायची ती पाहुणे येणार असले की फळ्यावर 'सुस्वागतम्' लिहायला, नाहीतर गणिताचा अभ्यासक्रम मागं पडला की माझा तास काढून घ्यायला. त्यामुळं मी हरखून गेले, हे कबूल करते.

शाळा लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला. भूकंपानंतर बांधलेल्या खोल्या, मागं मोकळं रान. मी दहावीच्या मुलांना सांगितलं, तुम्हाला शाळेतलं काय आठवेल ते काढा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी चौकोनी टोपी आणि गोंड्याचं चित्र आणलं. ती टोपी आमच्या गावात आजवर कुणी घातलेली नाही. मोबाइलवर बघून काढली होती. मी सगळी चित्रं परत दिली आणि दोन शनिवार मुलांना बाहेर बसवलं. म्हटलं, आधी बघा, मग काढा.

मग चित्रं यायला लागली. एकानं गच्च भरलेली एसटी काढली, थांब्यावर न थांबता निघालेली, आणि मागं धुळीत हात वर केलेली तीन पोरं. एकीनं प्रयोगशाळेच्या दाराशी सोडलेल्या चपला काढल्या, एकूणएक वेगळी, एकीचा अंगठा सुतळीनं बांधलेला. अशी चित्रं मी शिकवून आली नसती.

आणि एका मुलीनं दार काढलं. मुलींच्या बाथरूमचं. दाराला कडी नाही, कडीच्या जागी नुसती भोकं. दाराला पाठ लावून एक मुलगी उभी आहे, पाय घट्ट रोवलेले, हातात दोघींच्या वह्या. दाराखालच्या फटीतून आतल्या मुलीची पावलं दिसतात. खाली लिहिलं होतं, 'माझी मैत्रीण'.

मैत्रीवरच्या पानासाठी याहून चांगलं काही मिळणार नव्हतं. पण मला लाजही वाटली. ती कडी ही मुलं आठवीत असताना निघाली होती. मुलींनी मला सांगितलं होतं. मी दोनदा लेखी दिलं, आणि मग विसरले. शिक्षिकांच्या बाथरूमला कडी होती ना.

निवडलेली चित्रं मी मुख्याध्यापकांकडं नेली. ते भराभर पानं उलटत होते, दारापाशी थांबले.

"मॅडम, हे पुस्तक संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात जाणार. त्यात बाथरूम?"

मी म्हटलं, "सर, त्यात बाथरूम नाही, मैत्रीण आहे."

लोकांना दारच दिसणार, असं ते म्हणाले. शाळेची बदनामी करायला पोरांना तुम्हीच शिकवता का, असंही म्हणाले. एसटीचं चित्र त्यांना 'निराशाजनक' वाटलं, चपलांचं 'गरिबीचं प्रदर्शन'. मी तिथं भांडले. माझा आवाज बाहेर वर्गापर्यंत गेला, हे मला नंतर कळलं.

सोमवारी सकाळी शिपाईमामा पाना-पेचकस घेऊन मुलींच्या बाथरूमकडं जाताना दिसले. मी मागं गेले. त्यांनी नवी कडी लावली, दार दोनदा ओढून बघितलं आणि म्हणाले, "पंधरा मिन्टाचं काम व्हतं, मॅडम. मला कुणी सांगितलंच न्हाय."

पंधरा मिनिटं. तीन वर्षं मुली एकमेकींना घेऊन जात होत्या, दाराला पाठ लावून उभ्या राहत होत्या, सोबत नसेल तर दिवसभर पाणी पीत नव्हत्या, आणि काम पंधरा मिनिटांचं होतं. मुलींच्या अडचणीनं ते झालं नाही. अध्यक्षांना दिसेल म्हटल्यावर झालं. मी तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, कडी बसली, आता तरी चित्र घ्या.

ते शांतपणे म्हणाले, "आता कडी आहे, मॅडम. म्हणजे चित्र खोटं ठरलं."

ते वाक्य आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पुस्तकं छापून आली ती निरोपाच्या आदल्या दिवशी. गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो. आत जिकडंतिकडं सोनेरी केसांची पोरं, काळे झगे घालून टोप्या उडवणारी, आणि त्यांच्यावर लाल पानांची कसलीशी विलायती झाडं. आमच्या मुलांचं एकही चित्र नव्हतं. सगळं संगणकावरून उचललेलं. आणि शेवटच्या पानावर छापलं होतं, 'चित्रे व सजावट', पुढं माझं नाव.

मी गठ्ठे चित्रकलेच्या खोलीत नेले, दार लावून घेतलं आणि एकेका पुस्तकातलं माझं नाव काळ्या मार्करनं खोडलं. एकही प्रत सोडली नाही. मग ज्याचं त्याचं चित्र ज्याच्या त्याच्या पुस्तकात ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाटताना मुख्याध्यापकांच्या ते लक्षात आलं. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, हे काय केलं? मी म्हटलं, जे मी केलं नाही त्यावर माझं नाव नको. पुढच्या वर्षीपासून पुस्तकाचं काम संगणकाच्या सरांकडं, असं त्यांनी तिथंच सांगून टाकलं.

कार्यक्रम संपल्यावर ती दारवाली मुलगी माझ्याकडं आली. मी तिला म्हटलं, तुझं चित्र छापायला हवं होतं, मला जमलं नाही.

"छापणार न्हाईत हे मला म्हाईतच व्हतं, मॅडम," ती म्हणाली. चित्र तिनं त्या मैत्रिणीलाच देऊन टाकलं होतं. मैत्रीण पुढं शिकायला मामाकडं सोलापूरला चालली होती.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, रागसुद्धा नव्हता. वाकून माझ्या पाया पडली आणि बाकीच्या मुलींबरोबर फोटो काढायला पळाली. पंधरा वर्षांच्या पोरीला हे आधीच ठाऊक होतं, आणि ते तिला आम्हीच शिकवलं होतं, इतकं चोख, की त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. मुख्याध्यापकांवरचा माझा राग कदाचित कधीतरी ओसरेल. हा आमच्यावरचा, माझ्यावरचा, ओसरेलसं वाटत नाही.