केआय कमी, पकड घट्ट

"कम नंबर में ज्यादा ताकत, ये बात इनको जल्दी समझती. कम नंबरां पेच तो आए."

साहेब भर मीटिंगमध्ये माझ्यावर बोलले, मी कमी मार्कांवरच आत आले असं. मी फळ्यापाशी उभी, हातात खडू. सगळे हसले. मीही हसले. आज सांगतानाही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बाजार खुला झाला, हैदराबादेत औषधांच्या कंपन्या धडाधड निघाल्या, तेव्हाची गोष्ट. मी नल्लकुंट्याची, घरातली पहिली एम.एस्सी. बाप बेगम बाजारात मिरचीची पोती उचलायचा. साहेब मराठीच, जुन्या वकिली घराण्यातले. भाषा एक, म्हणून मी त्यांना आपलं माणूस समजत होते. खुळी.

मी एवढंच सांगितलं होतं की एन्झाइमला रोखणाऱ्या रेणूचा केआय नावाचा आकडा जितका कमी, तितकी त्याची पकड घट्ट. त्यावरून त्यांना माझी एम.एस्सी.ची राखीव जागा आठवली.

घरी ताट अर्धं ठेवून उठले. आई म्हणाली, "काय झालं गं?" काही नाही म्हटलं. बाप बाजारभर सांगत फिरायचा, माझी पोरगी साहेब लोकांत बसते. त्याला काय सांगू?

पुढच्या मीटिंगला दोन रेणूंतला एकच निवडायचा होता. एक साहेबांचा, एक माझा. एन्झाइमचं काम निम्म्यावर आणायला साहेबांचा रेणू कमी लागत होता, म्हणून तो सरस दिसत होता. पण त्यांच्या चाचणीत एन्झाइमचं खाद्य चिमूटभर घातलेलं. माझ्या चाचणीत भरपूर. दोन्ही रेणू त्या खाद्याशी झगडूनच एन्झाइमवर जागा मिळवणारे. खाद्यच कमी, तर मरतुकडाही पैलवान दिसतो. केआय काढताना हे खाद्य हिशेबात धरतात. साहेबांना हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

"माझा सरस आहे असं सांग सगळ्यांना," ते हळूच मराठीत म्हणाले. अगदी घरच्यासारखं.

मी खडू उचलला. म्हटलं, "नाही सांगणार, साहेब. दोघांचे केआय बघा. माझा कमी आहे."

"तुला इथं कुणी घेतलं, विसरलीस?"

विसरले नव्हते. त्यांनी घेतलं होतं, काढणं त्यांच्याच हातात होतं. भीती वाटत होती. त्या दिवशीची लाजही तशीच पोटात होती. तरी वळले आणि फळ्यावर दोन्ही केआय शेजारी शेजारी लिहिले. माझ्या रेणूपुढं माझं नाव घातलं, आडनावासकट. पुसायचं तर साहेबांनी उठून पुसावं. मी पुसणार नाही.