जयपूर कोपरावर, पुणं मनगटावर

आमच्या रामघाटाच्या घरात दोन गोष्टींचा थर बसतो: उटण्याच्या पुडीचा आणि किश्शांचा. पूड निदान ओल्या फडक्यानं पुसता येते. किस्से साचतच जातात. मी बोलते कमी, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचलेत. म्हटलं, थोडे लिहून टाकावेत.

लग्न होऊन साताऱ्याहून काशीला आले, त्याला अजून वर्ष नाही झालं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, माणसागणिक वेगळं उटणं, वेगळा साबण, वेगळं तेल करतात. तयार माल नाहीच. आधी गिऱ्हाईकाशी गप्पा, मग खलबत्ता. नवरा मंदार नोएडाच्या नोकरीतून वर्षाची बिनपगारी रजा काढून हा धंदा काशीबाहेर न्यायला बसलाय. ठरलं असं होतं: दिवाळीपर्यंत बाहेरचं एखादं मोठं दुकान माल घ्यायला तयार झालं, तर आम्ही इथंच. नाहीतर आम्ही दोघं नोएडाला आणि आई इथं एकट्या.

मला जायचं नव्हतं. पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

*

आईंची पहिली ओळख बघण्याच्या कार्यक्रमातच झाली. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "आंघोळ कढत पाण्यानं करतेस की कोमट?"

माझ्या बाबांचा घास घशातच अडकला. आईंचं चालूच. उन्हात किती वेळ असतेस? केस ओले बांधतेस का? हिवाळ्यात टाचा फुटतात? मला वाटलं, काशीकडची पद्धत असेल. सगळी उत्तरं खरी दिली.

पाहुणे गेल्यावर माझी आई म्हणाली, "ही माणसं सून बघायला आली होती की साबण करायला?"

लग्नाच्या आदल्या दिवशी काशीहून माझं उटणं आलं. ते अंगाला लागलं आणि माझी आई एकदम गप्प झाली. तसं ती सहसा होत नाही!

*

कुठलंही नवं मिश्रण आधी मंदारच्या अंगावर लागतं, हा घरचा नियम. ज्या गावाला माल जायचा, त्या गावाचं नाव पेनानं तिथंच लिहायचं, म्हणजे गोंधळ नको. एका आठवड्यात त्याच्या उजव्या कोपरावर जयपूर होतं आणि डाव्या मनगटावर पुणं.

तो गल्लीत स्कूटर काढत होता. वरच्या खिडकीतून आई ओरडल्या, "मंदार, जयपूरला खाज येतेय का रे?"

"जयपूर शांत आहे! पुणं पेटलंय!"

समोरच्या पंडितजींनी घाईघाईनं घरात जाऊन टीव्ही लावला.

*

आईंच्या लेखी गंगा ओलांडली की परदेश. त्या हिशेबानं आमची पहिली निर्यात रामनगरला झाली. तिथल्या आखाड्यातल्या एका पैलवानाला साबण हवा होता, पण त्याला वास आखाड्याचाच पाहिजे!

आई म्हणाल्या, "मग माती तुमचीच आणा."

तो गोणीभर माती नावेत घालून रामघाटावर हजर. आईंनी ती चाळली, भिजवली, वाळवली, हुंगली, परत चाळली. शेवटी साबण असा झाला, की डोळे मिटून वास घेतला तर शड्डू ऐकू यावा. मी खरंच मिटले होते.

महिन्याभरानं पैलवानाची बायको आली. म्हणाली, "चाचीजी, साबुन बहुत बढ़िया है। बस, पहले ये नहा के आते थे तो पता चलता था कि नहाए हैं।"

*

मग मंदारनं वेबसाइट केली. त्वचा तेलकट, कोरडी की नॉर्मल, टिकमार्क करा आणि ऑर्डर द्या. पुण्याहून एका बाईंनी सगळीकडे नॉर्मल निवडलं आणि लगेच फोन केला.

"म्हणजे माझ्यात विशेष काहीच नाही का?"

मंदारनं फोन आईंकडे दिला. आई तासभर बोलल्या. बोलल्या कसल्या, नुसतं विचारत आणि ऐकत होत्या. फोन स्पीकरवर होता. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "लग्नाला तीस वर्षं झाली, इतकं मला घरात कुणी विचारलं नाही हो."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या सोसायटीतून ऑर्डरी सुरू झाल्या. सगळ्यांची एकच अट: आधी फोन!

*

एक गोरा पाहुणा आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, मला बनारसच्या वासाचं तेल हवं.

आईंनी विचारलं, "कितने बजे का?"

त्यानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. खरं सांगायचं तर मीही. दुसऱ्या दिवशी पहाटे आई त्याला घेऊन घाटावर गेल्या. ओल्या पायऱ्या, झेंडूचा ढीग, चुलीचा धूर, जे आवडेल त्यावर त्यानं बोट ठेवायचं. वाटेत म्हशी बसल्या होत्या.

"इसका क्या करें?" आईंनी विचारलं.

त्यानं बराच विचार केला. म्हणाला, "थोड़ा सा।"

*

दिवाळीच्या तोंडावर बेंगळुरूहून एक मॅडम आल्या. पाच-सहा शहरांत दुकानं. माल पसंत, भाव पसंत, अट एकच: सगळ्या पाकिटांत एकच मिश्रण. प्रत्येकाला वेगळं हे दुकानात जमणार नाही, आणि फोनबिन तर नाहीच.

आई सहीच्या आदल्या दिवशीच मंदारला म्हणाल्या होत्या, "तुम्ही पोरं इथं राहाल ना? मग करते सही." आवाज नेहमीचाच होता. मंदारला मान वर करता आली नाही.

मॅडमनी करार पुढे सरकवला. आईंनी पेन उचललं, तेवढ्यात दारात मागच्या गल्लीतला साडीवाला उभा. अनवाणी.

"चाचीजी, अम्मा नहीं रहीं। नहलाना है, फिर मणिकर्णिका ले जाएँगे। वही वाला दे दीजिए, जो उनके लिए बनाती थीं।"

आईंनी पेन खाली ठेवलं. मॅडमना काही न सांगता आत जाऊन पाटावर बसल्या. वाळा काढला, नागरमोथा काढला, आंबेहळद कुटली. एक बरणी उघडली, हुंगली आणि झाकण लावून परत फळीवर ठेवली. वस्त्रगाळ करायला लागतो तितका वेळ लागला. मॅडमनी सुरुवातीला घड्याळ पाहिलं, नंतर नाही.

पुडी त्याच्या ओंजळीत ठेवत आई म्हणाल्या, "नींबू का छिलका नहीं डाला है, बेटा। उनको चुभता था।"

तो पुडी छातीशी धरून पायऱ्या उतरला.

आई मोरीवर हात धुवायला गेल्या. मॅडमनी करार स्वतःकडे ओढला, त्यातल्या एकाच मिश्रणाच्या अटीवर काट मारली.

मग म्हणाल्या, "हर कस्टमर से बात कौन करेगा?"

आईंनी मागे वळूनही न पाहता ओल्या हातानं माझ्याकडे बोट दाखवलं.