पूर्णा पाहायला गेलो, पिंगळीला थांबलो

माझी बायको लेआ गेली त्याला वर्ष होत आलं, तेव्हा मी परभणीचं तिकीट काढलं. लेआचं बालपण परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा गावात गेलं. तिचे वडील रेल्वेत होते. लग्नानंतर दरवर्षी ‘एकदा पूर्णेला जाऊन येऊ’ असं ती म्हणायची आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं.

आता निघायला वेगळं कारण होतं. आमची एकुलती मुलगी रिना इस्राएलमध्ये असते. मी ठाण्याचं घर बंद करून कायमचं तिच्याकडे यावं, असा तिचा आग्रह आहे. महिनाअखेर मला हो किंवा नाही सांगायचं होतं. जिथे लेआला मूठमाती दिली ते गाव सोडायचं, की आपलं माणूस तिकडे असताना इथे एकटं राहायचं, ते मला ठरवता येत नव्हतं. रिना फोनवर म्हणाली, “पप्पा, अब्राहामाला तरी कुठे सांगितलं होतं कुठे जायचं ते? नीघ, एवढंच सांगितलं होतं.”

“त्याला निदान कुणीतरी सांगितलं होतं,” मी म्हणालो.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. अब्राहाम आमचा मूळपुरुष, देवानं त्याला घरदार सोडून निघायला सांगितलं होतं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणात कित्येक शतकांपासून राहणारे यहुदी. घरात मराठीच. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत आमचा शब्बाथ. त्या वेळात प्रवास नाही, विस्तव पेटवायचा नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. घरात लेआ हे कडक पाळायची आणि मी तिच्यामुळे पाळायचो.

ठाण्याहून रात्रीची गाडी धरली की सकाळी परभणी येतं. स्टेशनजवळ साधे लॉज आहेत, हजाराच्या आत बरी खोली मिळते. आमच्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे प्रवासात मी शाकाहारीच जेवतो आणि या भागात ते अजिबात जड जात नाही. ज्वारीची गरम भाकरी, वरण, ठेचा आणि मागाल तेवढा कांदा.

गुरुवार हाताशी होता म्हणून एसटीनं जिंतूरला गेलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या, मध्येच हरभरा. जिंतूरच्या बाहेर नेमगिरीच्या टेकडीवर गुहांमध्ये जुनी जैन मंदिरं आहेत. इतक्या अरुंद दारातून वाकून आत शिरावं आणि समोर एवढी मोठी शांत मूर्ती बसलेली असावी, हे पाहून मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दगड तापतात.

शुक्रवारी पॅसेंजरनं पूर्णा. खरं तर याच दिवसासाठी आलो होतो. लेआनं सांगितलेल्या खुणा घेऊन रेल्वे कॉलनीत फिरलो. बरीचशी जुनी घरं पाडलेली, उरलेल्यांना कुलपं. एका चहावाल्याला तिच्या वडिलांचं नाव सांगितलं, त्यानं दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि का असावं. दुपारभर मी एका बंद घराच्या पायरीवर बसून होतो. मनात म्हटलं, विचारायला आलो होतो आणि इथे उत्तर द्यायला कुणी नाही.

संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. शब्बाथ लागायच्या आत लॉजवर पोचायचा हिशेब मी नीट केला होता, पण ठाण्याच्या सूर्यास्तावर. आमच्या प्रार्थनामंदिराच्या कॅलेंडरवरची वेळ वर्षानुवर्षं डोक्यात पक्की बसलेली. परभणी ठाण्याच्या कितीतरी पूर्वेला आहे आणि तिथे सूर्य पाव तास आधी मावळतो, हे सुचलंच नाही. परभणीच्या अलीकडचं स्टेशन पिंगळी. तिथे सिग्नलला गाडी थांबली, थांबूनच राहिली, आणि खिडकीतून पाहतो तर सूर्य शेतांना टेकलेला.

लेआ असती तर काही न बोलता पिशवी उचलून उतरली असती. मी उतरलो.

दारात बसलेला एक जण म्हणाला, “काका, परभणी पुढं हाय. धा मिनटात येती.” मी म्हणालो, मला इथेच उतरायचंय. तो शेजाऱ्याला म्हणाला, “पिंगळीला लॉज निघालं की काय बे?” डबा हसला आणि थोड्या वेळानं गाडी गेली.

स्टेशनबाहेर एका दुकानदाराला मी खरं ते सांगितलं, की आमच्या धर्मात आता उद्या संध्याकाळपर्यंत मला प्रवास करता येत नाही, कुठे पडायला जागा मिळेल का. त्याचं नाव राहुल, चाळिशीचा. त्यानं जातपात विचारली नाही. “घरला चला, आईशिवाय कुणी न्हाई,” म्हणाला. मला पुढच्या खोलीत बसवून, पंखा लावून तो दुकानात परत गेला. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. अंधारायला लागलं. बटण हाताच्या अंतरावर होतं आणि मी बसून होतो.

दुकानात राहुलकडून माझं ऐकून त्याची आई आली. सुमनताई, वय सत्तरीच्या पुढे, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्यांनी दिवा लावला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि सहज म्हणाल्या, “झोपताना मला हाक मारा भाऊ. मी येऊन बंद करते. तुमी हात लावू नका.”

दिव्याचं मी राहुललाही सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं ठाऊक, असं मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. त्या लहान असताना पिंगळीला एक स्टेशनमास्तर होते, त्यांच्या घरी शनिवारी चूल पेटवत नसत, दिव्यालाही हात लावत नसत. ती पेटवायला सुमनताई जायच्या. त्यांची आई म्हणायची, त्यांचा देव आज आराम करायलाय, तू जाऊन काडी लाव. मास्तरांना एक मुलगी होती, सुमनताईंच्या बरोबरीची. तिला सगळे बेबी म्हणत. मग मास्तरांची बदली झाली.

लेआचे वडील पूर्णेच्या आधी लहानसहान स्टेशनांवर होते, एवढं मला माहीत होतं. कुठल्या ते तिनं सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. पण रेल्वेत आमचे लोक पुष्कळ होते. घरोघरी एक बेबी असायची. मी स्वतःला बजावलं की उगीच ओढूनताणून काही जोडायचं नाही, आणि सुमनताईंना काहीच बोललो नाही.

शनिवारी सकाळी त्या मला शेताकडे घेऊन गेल्या. ज्वारीची काढणी संपली होती आणि दोन बायका मागे पडलेली कणसं वेचत होत्या, सरवा. आमच्या जुन्या धर्मग्रंथात अशीच एक गोष्ट आहे. नवरा वारलेली एक परकी सून सरवा वेचायला निघते आणि ज्या शेतात शिरते ते नेमकं तिला सांभाळून घेणाऱ्या माणसाचं असतं. ग्रंथ तिथे देवाचं नाव घेत नाही. तिचा पाय त्या शेताला लागला, एवढंच सांगतो. ही गोष्ट मी लहानपणापासून दरवर्षी ऐकली आहे. तिच्यातला तो योगायोग कुणीतरी बसून घडवला असेल, हे मला त्या बांधावर पहिल्यांदा खरं वाटलं.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. मी अंगणात उभा राहून वर पाहत होतो. सुमनताई दारातून म्हणाल्या, “तारे बघायलाव व्हय? बेबी पण बघायची. ढग असले तर म्हणायची, दिसत न्हाईत, पण हायेत. मग मला म्हणायची, जा आता तू, आमची चूल आमी पेटवतो.”

ठाण्याच्या गॅलरीत, प्रत्येक पावसाळी शनिवारी, लेआ कठड्याला धरून वर बघायची आणि मला सांगायची, “दिसत नाहीत, पण आहेत.” मग आत जाऊन गॅस पेटवायची. आमच्या सगळ्या संसारात मला ते तिचं चहाआधीचं बोलणं वाटत आलं.

मी त्यांना सांगितलं की बेबी माझी बायको होती, आणि ती गेली.

सुमनताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, “आमी देव मानत न्हाई भाऊ. पण तुमच्या देवाची चूल मी दोन-तीन वर्सं पेटवली.”

मी पूर्णेत दिवसभर ज्याला हाका मारत होतो, तो पुढच्या एका स्टेशनावर माझी वाट पाहत होता. मला तिथे उतरवायला त्यानं माझी चूक वापरली. आणि दिवा लावायला माणूस पाठवलं ते त्याला न मानणारं. त्या रात्री घरात आम्ही तिघं पिठलं-भाकरी जेवलो आणि सुमनताई मला बेबीच्या खोड्या सांगत राहिल्या. त्यातली एकही मला माहीत नव्हती.

रविवारी राहुलनं मला मोटारसायकलवरून परभणीला सोडलं. पिंगळीत पाहण्यासारखं काही आहे का, असं कुणी विचारलं तर मी नाहीच म्हणेन. पूर्णेला जाणार असाल तर पाणी जवळ ठेवा आणि पॅसेंजर उशिरा येईल असं धरूनच चला. माझ्यासारख्यांपैकी कुणी जाणार असेल तर तिथला सूर्यास्त आधी बघून घ्या. तरी चुकलात, तर घाबरू नका.

घरी येऊन आठवडा झाला. कुठे जावं याचं उत्तर मला परभणीत मिळालं नाही. जिथे लेआ आहे ते गाव सोडलं तर ती सुटेल, ही भीती मात्र गेली. ती तर मला तिच्या पूर्णेआधीच्या गावातही भेटली. मग रिनाला मी येतो म्हणून सांगितलं. तिनं विचारलं, कसं ठरवलंत. म्हटलं, भेटल्यावर सांगतो.

काल सुमनताईंना फोन करून सांगितलं. त्यांनी आधी तिथे थंडी किती असते ते विचारलं, भाकरी मिळते का ते विचारलं. मग म्हणाल्या, “तिथं शनवारी चूल कोण पेटवतं तुमची?”

मी म्हणालो, तिथे सगळे आमचेच लोक आहेत, ताई. सगळ्यांचाच शनिवार.

“मग लय अवघड हाय,” म्हणाल्या. “शेजारी एखादं घर आमच्यासारखं बघून ठेवा.”