काकूंच्या मेथीवरची सावली

लीड्सला मी कायदा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयात पीएच.डी. करत होते. ज्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायचे, त्या काकूंचा शेजाऱ्याच्या कुंपणावर भारी राग. कुंपण कसलं, वाढून पार दुमजली झालेली झाडांची भिंतच ती. तिच्या सावलीत काकूंची मेथी पिवळी पडायची, आणि रोज चहाबरोबर मला तिची कैफियत ऐकावी लागायची.

माझा प्रोग्रॅम नेमका असल्याच भांडणांचा निकाल द्यायचा. उंच कुंपणांचा कायदा तेव्हा नवाच होता. त्याची कलमं मी नियम करून संगणकात घातली होती. पहिल्या वर्षाच्या शेवटी दोन परीक्षकांसमोर एक खरी केस चालवून दाखवायची होती. जमलं तर पीएच.डी. पुढे चालू, नाहीतर एम.फिल. घेऊन घरी परत. खरी केस तर घरातच होती. मी हरखून गेले.

प्रोग्रॅममध्ये कुंपणाची उंची भरली, सावली भरली, मेथीसुद्धा भरली. निकाल आला: तक्रार फेटाळली.

कारण शोधलं. कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, जाण्याआधी शेजाऱ्याशी बोलून वाद मिटवायचा प्रयत्न करावा लागतो, असं कायद्यात आहे. काकू बोलल्याची नोंद मी केली नव्हती, आणि जे सांगितलं नाही ते झालंच नाही, असं धरून चालणारा माझा प्रोग्रॅम. मूर्ख कुठला! वर्षभर जी बाई दुसऱ्या कशाबद्दल बोलली नाही, ती शेजाऱ्याशी बोलली नसेल? आठवडाभर मी त्या नियमाशी झटले. शेवटी ‘सांगितलं नसेल तर बोलणं झालंय असं समज’ अशी पळवाट घालायला बसले, आणि आपली एक खात्री म्हणून काकूंना विचारलं, तुम्ही त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात?

“त्याच्याशी? आपण कशाला सांगायचं? त्याला दिसत नाही का, एवढी मोठी हेज?”

“म्हणजे कधीच नाही?”

“ख्रिसमसला कार्ड देते की मी त्याला दरवर्षी.”

मी पोट धरून हसले. पळवाट पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी काकू कुरकुरत, पण शंकरपाळ्यांचा डबा घेऊन शेजारी गेल्या. शेजारचे ते आजोबा ओशाळले. काकूंना आडोसा आवडतो, असं समजून त्यांनी ती झाडं इतकी वर्षं वाढू दिली होती. शनिवारी त्यांनी शिडी लावून झाडं छाटली. माझी एकुलती एक खरी केस परीक्षेच्या तोंडावर मिटली होती, आणि मला त्याचा आनंद लपवता येत नव्हता.

परीक्षेत मी सगळं घडलं तसं सांगून टाकलं, पळवाटेसकट. परीक्षक हसले, आणि त्या एका नियमावरच तासभर खोदून विचारत राहिले. मी पास झाले.

पळतच घरी आले. काकू उन्हात मेथी खुडत होत्या. मी सांगितल्यावर त्यांनी मातीच्या हातांनीच मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “अगं, मग शेजारी सांगितलंस का?”