ठकी, गादी आणि कट्ट्यावरचा घास

मांजर पाळणारी चार माणसं चहाला बसली की पहिला कप संपायच्या आत विषय मांजराच्या शूवर येतोच! गुरुग्राममध्ये आमच्याकडे रविवारी जमणारी मंडळी सुशिक्षित आहेत. तरीही हेच. म्हणून असे किस्से साचत जातात. मी सांगतोय ते सगळं बरोबरच आठवतंय का, याची मला खात्री नाही, पण माझी बायको सुनंदा शेजारीच बसलीय. चुकलं तर बोलेल.

*

आमचे स्नेही वानखेडे मूळचे नागपूरचे. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन फरीदाबादला राहतात. त्यांचे जुने साहेब एकदा घरी चहाला आले. निघताना बुटात पाय घातला, तर बूट ओला! वानखेड्यांच्या राजा नावाच्या बोक्याचं काम.

मी म्हटलं, "अनोळखी वास आला की बोके खूण करतात म्हणे. ऑपरेशन करून घ्या."

"करतो ना सर," वानखेडे म्हणाले. "पण आख्ख्या नोकरीत मला जे जमलं नाही, ते त्यानं केलं!"

*

आमची ठकी मात्र गुणी. तीही पितृपक्षात बिघडली. पलंगावर शू करू लागली, आणि नेमकी माझ्या बाजूला. मी भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस, पण मला झोप लागेना. हिला माझा राग आला असेल का?

"रागावून शू करायची असती," सुनंदा म्हणाली, "तर माझा नंबर तिच्या आधी होता!"

मग मात्र तिने निर्वाणीचं सांगितलं. "दिवाळीला मुलगा-सून येतायत. त्यांना या गादीवर झोपवू? तोवर थांबलं नाही, तर ठकी वानखेड्यांकडे." वानखेडे तयारच होते. मी त्याच संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

*

डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासायला सांगितली. आजार असला तर रागावून काय उपयोग? मी रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा एकच प्रश्न तीनदा विचारला.

"अंकल, बिल्ली बिल्कुल ठीक है," त्या म्हणाल्या. "आप अपना बीपी चेक करवा लीजिए।"

*

मग मृणाल आली. ही पुण्याची, इथे आयटीत, तीन मांजरांची आई. "काका, ठकीचा शूचा ट्रे दाखवा."

मी अभिमानाने दाखवला. वॉशिंग मशीनच्या मागे, झाकणाचा, मोगऱ्याच्या वासाची वाळू, रोज फिनाइलने धुतलेला. मृणाल त्याच्याजवळ मांडी घालून बसली. तेवढ्यात मशीनचा स्पिन सुरू झाला आणि ती किंचाळून उठली.

"काका, तुम्हाला जमेल इथे?"

मी खरंच विचार केला. नसतं जमलं.

झाकण निघालं. बिनवासाची बारीक वाळू आली. दुसरा मोठा ट्रे माझ्या अभ्यासिकेत, शांत कोपऱ्यात ठेवला. गादीला फिनाइलऐवजी एन्झाइमचं क्लीनर लावलं, कारण माणसाला वास गेलासा वाटला तरी मांजराला येतच राहतो.

"चला," सुनंदा म्हणाली, "तुमच्या पुस्तकांना कुणीतरी भेटायला येईल!"

*

पण ठकी नव्या ट्रेपाशी यायची, हुंगायची आणि निघून जायची. मी पेपरच्या आडून सगळं बघत होतो.

शेवटी सुनंदाने पेपर काढून घेतला. "अहो, परीक्षेतही पर्यवेक्षक डोक्यावर उभा राहिला की मुलांना काही सुचायचं नाही. फिरून या!"

मी फिरून आलो. वाळू ओली होती! पण दोन दिवसांनी गादीही ओली झाली.

*

आता खरा किस्सा. पितृपक्षात सुनंदा मागच्या अंगणातल्या कट्ट्यावर कावळ्यासाठी घास ठेवते. यंदा पितृपक्ष संपला तरी तिने थांबवलं नाही, कारण घास ठेवल्याबरोबर पान स्वच्छ! गुरुग्रामात कावळा दिसणंही मुश्कील, त्यामुळे तिला फार बरं वाटत होतं. मुलाला फोनवर सांगायची, "तुझी आजी तृप्त आहे रे."

एका रविवारी सगळे चहाला बसलो होतो. ठकी काचेच्या दाराशी शेपूट फुगवून उभी होती. बाहेर कट्ट्यावर एक दांडगा बोका पान चाटत होता.

"वहिनी," वानखेडे म्हणाले, "तुमच्या कावळ्याला मिशा आहेत!"

ठकी गुरगुरली आणि तडक बेडरूममध्ये पळाली. आम्ही मागोमाग गेलो. गादी, माझी बाजू.

सुनंदाने आधी ओली चादर ओढून काढली. मग म्हणाली, "तरीच! सासूबाईंनी माझ्या हातची दूधपोळी नाव न ठेवता खाल्ली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

दुसऱ्या दिवसापासून घास गच्चीवर गेला. काचेच्या खालच्या भागाला धुरकट फिल्म लावली. बोका दिसेना, मग येईना. नक्की कशाने फरक पडला हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण गादी कोरडी राहिली.

दिवाळीला मुलगा-सून त्याच गादीवर झोपले. सकाळी वानखेड्यांचा फोन आला. सुनंदाने घेतला.

"वहिनी, मग ठकीला न्यायला कधी येऊ?"

सुनंदाने बेडरूममध्ये डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हळू बोला हो. सुनेच्या पायाशी आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा!"